वाक्यात उपयोग करा

‘ऑफस्प्रिंग’ हा शब्द वाक्यात वापरून दाखवा, असं सांगितलं की आठवी-नववीतली मुलं ठरलेल्या वाटांनी जातात. एक लिहितो, ‘आय अ‍ॅम द ऑफस्प्रिंग ऑफ माय फादर.’ दुसरी लिहिते, ‘माय मदर लव्ह्ज हर ऑफस्प्रिंग्ज.’ तिसरा सगळ्यात शहाणा. तो ‘ऑफस्प्रिंग इज अ व्हेरी गुड वर्ड’ एवढं लिहून मोकळा होतो. ही वाक्यं जगात आजवर कुठल्याही आईनं, बापानं किंवा पोरानं उच्चारलेली नाहीत. तरी त्यांना गुण मिळतात.

पुढचा संवाद खापरखेड्याचा आहे. बोलणारी दोन माणसं मी रचली आहेत, पण ज्यांच्यावरून रचली ती माणसं वीज केंद्राच्या वसाहतीच्या आजूबाजूला सहज भेटतात. पुतणी इंग्रजीची शिकवणी घेते. काकाजी निवृत्त तलाठी. नोकरी सगळी काटोल-नरखेडकडे गेली, घर मात्र इथंच. तिच्या वह्यांचा गठ्ठा पाहून त्यांनी वरची एक वही उचलली, तिथून सुरुवात झाली.

काकाजी : हे काय लिहून राहिले पोट्टे? ‘अवर काऊ हॅज टू ऑफस्प्रिंग.’ याच्या घरी गाय आहे काय?

पुतणी : नाही हो, क्वार्टरमध्ये राहतो तो. पण वाक्य बरोबर आहे, काकाजी. बाकीच्यांनी शेवटी एस लावून ठेवला. याला कळलं की एक असो की दहा, रूप तेच राहतं.

काकाजी : म्हणजे मार्क भेटले त्याले. पण गाईच्या पोराले वासरू म्हणतात ना? इंग्रजीत काफ म्हणतात, हे मलेही माहीत आहे. गोठ्यात उभं राहून कोण म्हणन, की आमच्या गाईला अपत्य झालं?

पुतणी : कोणीच नाही. काफ, किड, लॅम्ब, पपी हे त्यांना आधीच येतं. जशी आपण चौथीत यादी पाठ केली होती. घोड्याचं शिंगरू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, हरणाचं पाडस.

काकाजी : त्या यादीत अर्धेच शब्द होते. गोऱ्हा कुठं होता त्यात? कालवड? म्हशीची वगार? बाजारात जनावर घ्यायचं तं वासरू म्हणून चालत नाही. गोऱ्हा आहे की कालवड, ते पहिले विचारतात. पैशाचा सवाल असते.

पुतणी : मला नेमकं उलटं हवंय. ज्याखाली सगळे येतील असा एक शब्द. गाय, वाघीण, बेडूक, माणूस, वाटाणा.

काकाजी : वाटाणा?

पुतणी : मेंडेलचा. माझी अर्धी मुलं सेमी इंग्लिशची आहेत. मराठी शाळा, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीत. त्यात वाटाण्याचा प्रयोग येतो. गोल दाण्याचं रोप आणि सुरकुतलेल्या दाण्याचं रोप यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. त्या पिढीचं पुढचं पीक घेतलं तर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. हे त्यानं १८६६ मध्ये छापलं. आता सांगा, वाटाण्याच्या रोपाच्या पुढच्या पिढीला तुम्ही काय म्हणाल? पिल्लू? लेकरू?

काकाजी : बियाणं म्हणीन.

पुतणी : तुम्ही शेतकऱ्याचं पोर म्हणून म्हणाल. पुस्तकात मराठीत संतती लिहितात, इंग्रजीत प्रोजनी किंवा ऑफस्प्रिंग. तो शब्द अडला की पोराचा धडाच अडतो. त्याला विज्ञान समजत नाही असं सगळे म्हणतात. अडलेला असतो एक शब्द.

(इथं पुतणीची बाजू मला पटते. मराठी माध्यमातून अर्ध्या वाटेवर इंग्रजीत ढकललेल्या मुलाला कोणी घरी असे शब्द ऐकवत नाही. त्याच्याकडे वही आहे, शिकवणी आहे आणि ‘वाक्यात उपयोग करा’ आहे. त्या प्रश्नाला हसणं सोपं आहे. ज्यांच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येतं त्यांना तर फारच सोपं.)

काकाजी : बरं, एक सांग. इथल्या पोरायले ‘ट्रिप’ शब्द कोणी शिकवला?

पुतणी : सहलीची ट्रिप?

काकाजी : नाही, युनिट ट्रिप झालं, ती ट्रिप. इथं १३४० मेगावॉटचं केंद्र आहे. २१० ची चार युनिटं अन् ५०० चं एक. त्यातलं एखादं बंद पडलं की पानठेल्यावरचा माणूसही म्हणते, ‘तीन नंबर ट्रिप झालं.’ शिफ्ट, बॉयलर, ओव्हरटाइम, सगळं बरोबर वापरतात. कोणी त्यायले पाच वाक्यं लिहायले लावली नाहीत. शब्द कामासोबत आला, चिकटून राहिला.

पुतणी : आणि शब्दासोबत काम येईपर्यंत मुलांनी थांबायचं? ज्याच्या बापाला बॉयलर भेटला त्याला बॉयलर हा शब्द भेटला. ज्याला प्रयोगशाळा कधी भेटणार नाही, त्याला प्रयोगशाळेचे शब्द वहीतूनच भेटणार ना!

काकाजी : पण मंग वहीत निदान खरं वाक्य पाहिजे.

पुतणी : फळ्यावर मी खरंच देते. आमच्याकडची वाघीण घेते, पेंचची. मध्य प्रदेशाकडच्या पेंचमधली कॉलरवाली. आठ वेतांत २९ पिल्लं झाली तिला. जानेवारी २०२२ मध्ये ती मेली. त्यावर वाक्य करायला लावते, की पेंचमध्ये आज फिरणारे कितीतरी वाघ तिची ऑफस्प्रिंग आहेत.

काकाजी : पेपरात बछडे लिहिलं होतं.

पुतणी : बछडा लहान असेपर्यंत बछडा. वाढला की वाघ. मग त्याला कोणी बछडा म्हणत नाही. वासरूही तसंच, मोठं झालं की गाय किंवा बैल. हे वयाचे शब्द आहेत, काकाजी. ऑफस्प्रिंग वयाचा नाही, नात्याचा. कॉलरवालीची म्हातारी झालेली मुलगीसुद्धा तिची ऑफस्प्रिंगच. तुम्ही सत्तरीला आलात तरी आजीचं अपत्यच.

काकाजी : तुही आजी मले मरेपर्यंत पोट्ट्या म्हणे. तो वयाचा की नात्याचा?

पुतणी : तो नागपूरचा.

काकाजी : (हसून) हे खरं. पण तू आता जे म्हटलं ना, नात्याचा शब्द, तिथंच माहं भांडण आहे. तुले वाटते नातं म्हणजे सरळ गोष्ट. आईच्या पोटी आला, झालं अपत्य. मी तीस वर्षं तेच कागद लिहिले. ग्रामपंचायतीत दोन अपत्यांचा नियम आहे, माहीत आहे तुले?

पुतणी : तिसरं मूल झालं की सदस्यपद जातं. दर निवडणुकीत ऐकतो.

काकाजी : १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालं असन तं. कायदा २००० चा, वर्षभराची सूट दिली होती. आता त्यातली गंमत पाहा. एकाले दोन पोरं आहेत. त्यानं भावाचं अनाथ पोर दत्तक घेतलं. घरात तिघं जेवतात, तिघायच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव तेच. तो सरपंच होऊ शकते का?

पुतणी : तीन झाली की. नाही होऊ शकत.

काकाजी : होते! दत्तक पोर त्या मोजणीत धरत नाहीत. कायद्यातच खुलासा दिला आहे. आता उलटं कर. एकाले तीन झाली, त्यानं तिसरं बहिणीच्या घरी दत्तक देऊन टाकलं. कागद पक्का, नाव बदललं. आता?

पुतणी : आता दोनच राहिली.

काकाजी : नाही राहिली. ओडिशाच्या एका सरपंचानं हेच म्हणून पाहिलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दत्तक दिलं तरी ते तुझंच मोजलं जाईन. म्हणजे आणलेलं धरत नाहीत अन् दिलेलं वजा करत नाहीत. हा कायदा कोणतं पोर मोजते मंग?

पुतणी : पोटचं. जन्माला घातलेलं... म्हणजे काकाजी, हा तर नेमका ऑफस्प्रिंगचाच अर्थ झाला! दत्तक मुलगा चाइल्ड असतो, ऑफस्प्रिंग नसतो. कायद्यानं चाइल्ड शब्द घेतला आणि मग खुलासा देऊन त्याला ऑफस्प्रिंगएवढा छाटला.

काकाजी : आता दुसरा कायदा घे. १९५६ चा, हिंदू दत्तक अन् पोटगीचा. त्यात दत्तक पोर दत्तक घेणाऱ्याचंच, सगळ्या कामाले. जमीन वाटली तं त्याले हिस्सा पोटच्यासारखा. म्हणजे एकच पोट्टं वारस म्हणून मोजलं जाते, अपत्य म्हणून मोजलं जात नाही. दोन टेबलावर दोन उत्तरं. अन् तू पोरायले सांगतं, ऑफस्प्रिंग म्हणजे मूल, लिहा वाक्य.

पुतणी : तुम्ही तर माझीच बाजू मांडली. शब्द इतका नेमका असेल तर शिकवायलाच हवा.

काकाजी : शिकव ना! मी कुठं नाही म्हटलं? मी म्हणतो, बोलणारा कोण ते सांगून शिकव. आईच्या तोंडी हा शब्द टाकशील तं वाक्य खोटं होते. डॉक्टरच्या, कोर्टाच्या, त्या वाटाणेवाल्याच्या तोंडी टाक.

इथं दोघं क्षणभर एका बाजूला आल्यासारखी वाटली, पण तसं झालं नव्हतं. परीक्षेत एका वाक्याला एक गुण असतो. बोलणाऱ्याची ओळख करून द्यायला ओळ मिळत नाही, हे पुतणीला रोज दिसतं. काकाजींना दिसतो तो कागद, ज्यावर एका शब्दानं माणूस आत येतो किंवा बाहेर राहतो. खापरखेड्यातलं एकच पोर घ्या. घरी ते लेकरू किंवा पोट्टं. शाळेच्या सूचनेत ‘आपला पाल्य’. बाप खाणीत असेल तर तिथल्या कागदांवर ‘अवलंबित’. जमीन प्रकल्पात गेली असेल तर प्रकल्पग्रस्ताच्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव लागेल की भावाचं, यावर घरात बोलणं बंद होतं. तलाठ्याकडे ते ‘वारस’. पोर तेच, विचारणारा बदलला की त्याचं नाव बदलतं, आणि नावाबरोबर हक्कही.

काकाजींनी मग नागपूरकर भोसल्यांचं काढलं. नागपूरच्या माणसानं दत्तकावर बोलायचं आणि भोसल्यांवर यायचं नाही, हे कठीणच.

काकाजी : तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. पोटचा मुलगा नव्हता. वाड्यातल्या राण्यांनी यशवंतरावाले दत्तक घेतलं, जानोजी नाव ठेवलं. आपल्या रीतीनं पोरगा झाला, चिता पेटवायले हक्काचा झाला. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला, हा पोटचा नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा. वाड्यातले जडजवाहीर कलकत्त्याले लिलावात गेले. अन् सत्तावन्नचा उठाव झाल्यावर त्याच जानोजीले सरकारनं देऊरचे राजेबहादूर केलं! पोर तेच होतं. मध्ये सरकारची गरज बदलली होती.

पुतणी : राज्य खालसा झालं त्याच वर्षी झाशी गेली. सहा वर्षांआधी सातारा.

काकाजी : अन् मंग डलहौसीनंतर आलेल्या कॅनिंगनं दत्तकाच्या सनदा वाटल्या, आता घ्या म्हणे दत्तक, मानतो आम्ही. म्हणून मले हे पोटचं-पोटचं ऐकलं की भरोसा वाटत नाही. ज्याले द्यायचं नसते तो पोटचं विचारते.

पुतणी : पण सरपंचाच्या नियमात तर उलटं झालं. तिथं पोटचं विचारलं म्हणून दत्तक घेणारा वाचला.

काकाजी : ...हो. ते खरं.

पुतणी : म्हणजे दोष शब्दाचा नाही. आणि आपल्याकडे हे नवीनही नाही, काकाजी. पाणिनीनं चौथ्या अध्यायात हेच काम केलंय, अमक्याचं अपत्य म्हणजे कोण ते सांगणारे प्रत्यय. दशरथाचा दाशरथी, पांडूचे पांडव, कुंतीचा कौंतेय. आणि राधेचा राधेय. राधेनं कर्णाला जन्म दिला नव्हता, नदीतून आलेलं पोर वाढवलं होतं. तरी प्रत्यय लागलाच. कुसुमाग्रजांनी त्याच्यावर नाटक लिहिलं त्याचं नाव ‘कौंतेय’, रणजित देसाईंनी कादंबरी लिहिली तिचं नाव ‘राधेय’. माणूस एकच. एकानं पोट धरलं, एकानं मांडी.

काकाजी : हे तू पोरायले सांगतं काय?

पुतणी : सांगायला वेळ कुठं असतो? पण आता सांगेन. ऑफस्प्रिंग ऑफ कुंती, सन ऑफ राधा. सन दोघींचा म्हणता येईल, ऑफस्प्रिंग एकीचाच. फरक एका ओळीत कळेल.

काकाजी : हे वाक्य चांगलं आहे.

(चांगलंच आहे. शिकवणीवर्गातून इतकं नेटकं उदाहरण मी तरी ऐकलं नव्हतं. बोलणारा कोण, ही काकाजींची अट या वाक्यानं पाळलेली नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. कर्णाचं नाव निघालं की मराठी माणूस अटी विसरतो.)

पुतणी : आणखी एक सांगू? मला हे थंड शब्द आवडतात. तुमच्या जिव्हाळ्याच्या शब्दांपेक्षा जास्त.

काकाजी : काहून?

पुतणी : अपत्य विचारत नाही मुलगा की मुलगी. ऑफस्प्रिंग विचारत नाही. वंशाचा दिवा विचारतो.

काकाजी : लेकरूही नाही विचारत. लेकरू, मूल, बाळ, वासरू, कोकरू, पाडस. आपल्या भाषेत लहान जीव सगळे ‘ते’.

पुतणी : लहान असेपर्यंत! मघाशी तुम्हीच म्हणालात, बाजारात गोऱ्हा की कालवड ते पहिले विचारतात, पैशाचा सवाल असतो. घरातही पैशाचा सवाल आला की ‘ते’ संपतं. तुमच्या सहा-कच्या वहीत काय दिसायचं?

काकाजी : वारस नोंदवहीत? सगळ्यायची नावं यायची. पोरं, पोरी, बायको. कायदाच तसा आहे. पोरींची नावं लावली नाहीत म्हणून मी अर्ज परत पाठवले आहेत.

पुतणी : आणि नंतर?

काकाजी : नंतर काय, हक्कसोड यायचं. पोरींनी भावाच्या नावानं हक्क सोडला, दस्त नोंदवला, सातबाऱ्यावरून नावं कमी. नोंदणीकृत असला की आम्ही फेरफार घ्यायचो.

पुतणी : किती बहिणी सोडत नव्हत्या?

काकाजी : कमीच. माहेर तुटन अशी भीती असते. रक्षाबंधन, दिवाळी, पोरींची बाळंतपणं. दोन एकरासाठी कोण तोडते?

पुतणी : म्हणजे कायदा अपत्य म्हणतो आणि माहेर लेक म्हणतं. लेक म्हटलं की तिनं सोडायचं. अपत्य म्हटलं असतं तर तिला हिस्सा मागताना लाज वाटली नसती.

काकाजी : तू शब्दाले फार ताकद देऊन राहिली.

पुतणी : तुम्हीच दिली. एका शब्दानं राज्य गेलं म्हणालात. आता तर कागदही बदललेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग बापाचं. म्हणजे राज्यातलं प्रत्येक पोर कागदावर कौंतेय झालं. पण आईच्या नावानं जमीन किती आहे?

काकाजी : ...

पुतणी : आत्याचं लग्न कधी झालं?

काकाजी : तिचं? १९८७.

पुतणी : मग वडिलोपार्जित जमिनीत मुलीला बरोबरीचा हक्क देणारा महाराष्ट्राचा १९९४ चा कायदा तिला लागला नाही. तो तेव्हा लग्न न झालेल्या मुलींसाठी होता. तिचा हक्क आला २००५ मध्ये, दिल्लीच्या दुरुस्तीनं. ९ सप्टेंबर २००५. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तर सांगितलंच, मुलीचा हक्क जन्मापासूनचा, त्या दिवशी बाप हयात होता की नव्हता ते पाहायचं नाही.

काकाजी : तुले हे सगळं पाठ आहे.

पुतणी : मोबदला आला त्या वर्षी वाचलं होतं. प्रकल्पात गेलेल्या आपल्या जमिनीच्या मोबदल्यात आत्याचं नाव नव्हतं. तिनं हक्कसोड कधी केलं?

काकाजी : मोबदल्याच्या आधी. रीतसर केलं, बेटा. सावनेरले दस्त नोंदवला, साक्षीदार होते. मी तलाठी होतो, मले काय चूक काय बरोबर ते समजत होतं. कोणी जबरदस्ती केली नाही तिच्यावर.

पुतणी : कागदावर काय लिहिलं होतं?

काकाजी : लिहितात तेच. स्वखुशीनं, कोणताही मोबदला न घेता, भावांच्या लाभात.

पुतणी : तिला वाचता येत होतं?

काकाजी : सही करता येत होती.

पुतणी : वाचून कोणी दाखवलं?

काकाजी : दुय्यम निबंधकासमोर विचारतात, मजकूर समजला काय म्हणून. ती हो म्हणाली. मी बाजूलेच उभा होतो.

पुतणी : तुम्ही बाजूला उभे होतात म्हणूनच हो म्हणाली असेल.

काकाजी : असन.

पुतणी : हिशेबात तिचा किती आला असता?

काकाजी : आम्ही दोघं भाऊ अन् ती. तिसरा हिस्सा. पण ते आता होत नाही, नोंदणीकृत हक्कसोड परत फिरवायचं म्हणजे कोर्ट. अन् ती कोर्टात जाणार नाही, तुले माहीत आहे.

पुतणी : कोर्टाचं मी म्हणतच नाही. तुम्ही तुमच्या मनानं दिलं तर त्याला कोणता कायदा आड येतो?

काकाजी : तुह्या बापालेही विचारावं लागन. त्याचाही हिस्सा आहे त्यात.

पुतणी : बाबांना मी विचारते.

काकाजी : थांब, असं नको विचारू. पहिले कागद पाहू. मंगळवारी मी सावनेरले जाऊन राहिलो, पेन्शनचं काम आहे. तू चाल सोबत, शिकवणी संध्याकाळी असते ना तुही. दस्ताची नक्कल काढू, फेरफारही काढू. मोबदल्याचा आकडा बँकेच्या पासबुकात आहेच.